पक्की मांड सैल का असते

घोड्यावर बसायला शिकणाऱ्याला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे ‘मांड पक्की ठेव’. सल्ला बरोबर आहे, पण नवशिका त्याचा अर्थ उलटा लावतो. तो गुडघ्यांनी खोगीर आवळतो, मांड्या ताठ करतो, श्वास रोखून धरतो. घोडा पायी चालतोय तोवर हे खपून जातं. दुडकी चाल सुरू झाली की अंग गदगदा हलायला लागतं, आणि घोडा चौखूर सुटला की माणूस खोगिरावरून उडू लागतो.

यामागचं यंत्रशास्त्र साधं आहे. गुडघा आवळला की तिथे बिजागरी तयार होते. तिच्याखालचा पाय मागे सरकतो आणि वरचं धड पुढे झुकतं. शिवाय ताठ झालेला स्नायू धक्का गिळत नाही, पुढे ढकलतो. घोड्याच्या पाठीचा हिसका मांडीतून कमरेत, कमरेतून मणक्यात आणि तिथून थेट डोक्यात जातो. याउलट घोटा, गुडघा आणि खुबा सैल असले की ते तीन कमानींसारखे, म्हणजे स्प्रिंगांसारखे वागतात. पाठ वर आली की मिटतात, खाली गेली की उघडतात, आणि धड जवळपास एकाच उंचीवर राहतं. टाच खाली ठेवायला सांगतात ती यासाठीच, कारण चवड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची पोटरी आखडलेली असते आणि घोटा मोकळेपणाने मिटत नाही.

शर्यतीच्या जगाला हे उमगायला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत इंग्लंडमधले जॉकी लांब रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत) पाय टाकून, पाठ सरळ ठेवून खोगिरावर बसून दौडत. १८९७ मध्ये टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी तिथे आला. त्याच्या रिकिबी आखूड होत्या, आणि तो बूड खोगिरावर न टेकता घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन दौडायचा. काठीवरचं माकड म्हणून लोक त्याच्या बैठकीची टिंगल करत. पण तो जिंकू लागला आणि बाकीच्यांनी ती बैठक उचलली. १९०० च्या आसपासच्या काही वर्षांत मोठ्या शर्यतींच्या वेळा ७ टक्क्यांपर्यंत सुधारल्या.

वारा कमी लागतो म्हणून असं झालं, ही समजूत बरीच वर्षं चालली. वाऱ्याचा वाटा काही ना काही असणारच. पण लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी घोडा आणि जॉकी या दोघांच्याही हालचाली मोजल्या आणि २००९ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भरधाव घोड्याचं शरीर प्रत्येक ढांगेत वर-खाली आणि पुढे-मागे झोके घेतं, ओणवा जॉकी मात्र त्या मानाने फारच कमी हलतो. म्हणजे घोडा त्याचं वजन पेलतो, पण प्रत्येक ढांगेला ते उचलून फेकण्याची मेहनत त्याला करावी लागत नाही. ती जॉकीचे पाय करतात. म्हणूनच शर्यतीत जॉकीच्या हृदयाचे ठोके जवळपास कमाल मर्यादेला पोचलेले असतात. वरून तो नुसता ओणवा दिसतो, खाली त्याच्या मांड्या पेटलेल्या असतात.

आता तोल कोण सांभाळतं ते पाहू. दोन्ही कानांच्या आत प्रत्येकी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं फिरलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला फिरण्याची दिशा कळते. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. ते गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतले हिसके सांगतात. मोबाइल समोर धरून मान भराभर डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून मोबाइल तितक्याच वेगाने हलवा, अक्षरं पुसट होतील. मान हलली तर आतला कान सुमारे १० मिलिसेकंदांत डोळ्यांना उलट्या दिशेने वळवतो. मोबाइल हलला तर डोळ्यांना त्याच्या मागे धावावं लागतं, आणि ते काम बरंच संथ असतं.

या खड्यांची एक गंमत वळणावर कळते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने घोडा २० मीटर त्रिज्येचं वळण घेत असेल, तर तोलासाठी सुमारे २७ अंश आत झुकावं लागतं. स्वार घोड्याबरोबर झुकला तर कानाला आपण सरळच आहोत असं वाटतं, कारण खड्यांवरचा एकूण ओढा तेव्हा थेट खोगिराच्या दिशेने असतो. घाबरून जमिनीच्या हिशेबाने सरळ बसायचा प्रयत्न केला, तर तो वळणाच्या बाहेर फेकला जाऊ लागतो.

पण माझ्या मते खरा पेच वेळेचा आहे. शर्यतीचा घोडा सेकंदाला साधारण सव्वादोन ते अडीच ढांगा टाकतो, म्हणजे एक ढांग सुमारे ०.४ सेकंदाची. डोळ्यांनी पाहून, समजून हालचाल करायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तोवर अर्धी ढांग उलटून गेलेली असते. विचार करून सावरणारा स्वार कायम अर्धी ढांग मागे राहतो. चांगला स्वार सावरत नाही, त्याला पुढची ढांग आधीच ठाऊक असते. हा अंदाज बांधायचं काम मुख्यतः लहान मेंदू करतो, आणि प्रत्येक चुकलेल्या अंदाजातून तो पुढचा दुरुस्त करतो. त्याला व्याख्यान देऊन उपयोग नाही, ढांगा मोजाव्या लागतात.

मी शिकत होतो तेव्हा आमच्या उस्तादांनी महिनाभर लगाम हातात दिलाच नाही. घोडा लांब दोरीवर गोल फिरायचा, रिकिबी काढून ठेवलेल्या, माझे हात दोन्ही बाजूंना पसरलेले. घोडा पायी चालत असताना ते डोळे मिटायला सांगत आणि विचारत, ‘‘मागचा डावा कधी टेकतोय?’’ पहिले काही दिवस माझं उत्तर दरवेळी उशिरा यायचं. मग एका सकाळी कळलं की डाव्या बाजूची बैठक आधी किंचित खाली जाते. त्यानंतर मी पायाची वाट पाहणं सोडलं, बैठकीकडे लक्ष देऊ लागलो आणि ‘‘आत्ता’’ वेळेवर निघू लागलं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नव्या शिकाऊला आधी असंच दोरीवर, रिकीब-लगामाविना बसवतात. मला ही पद्धत घोड्याच्या दृष्टीनेही न्यायाची वाटते. तोल नसलेला स्वार लगामाला लोंबकळतो, आणि लगामाचं दुसरं टोक एका मुक्या प्राण्याच्या तोंडात असतं.

त्यानंतरची पायरी म्हणजे दुडकीवर रिकिबीत अर्धवट उभं राहायचं, बूड खोगिराच्या वर, बोटांत अयाळ नुसती धरलेली. मंगोलियातले स्वार दुडकीवर असेच उभे राहून मैलोन्मैल जातात. आपल्याला सुरुवातीला दोन फेऱ्याही जड जातात, कारण मांडी थकली की ती आखडते आणि आखडली की कमान संपली. म्हणून घरी खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसून राहायचा सराव करा. एका पायावर उभं राहायचाही करा, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून, भिंत हाताशी ठेवून. घोड्यावर असताना नजर त्याच्या कानांच्या पलीकडे हवी. साडेचार-पाच किलोचं डोकं खाली झुकलं की खांदे त्याच्यामागे जातात. तोंडाने आकडे मोजत राहिलात तर श्वास आपोआप चालू राहतो. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून, दोरीवरच्या घोड्यावरसुद्धा.

उस्ताद आमची परीक्षा कुंपणाबाहेर उभे राहून घेत. घोडा दौडत समोरून गेला की ते घोड्याकडे पाहत नसत, पायांकडेही नाही. कुंपणाचा वरचा आडवा बांबू आणि स्वाराचं हेल्मेट, यांमधलं अंतर फेरीभर तेवढंच राहतं का, एवढंच ते बघत.