‘जीन बंद’ म्हणजे जीन कापणं नव्हे

सांगली-मिरजेत कंपवाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘शास्त्रज्ञ माकडांचे जीन कापून त्यांना कंपवात देतात, तो पिल्लांतही उतरतो, उद्या माणसांचंही हेच!’ बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हा खुलासा.

जीन-सायलेन्सिंगमध्ये, म्हणजे ‘जीन बंद’ करण्याच्या या तंत्रात, जीनला हातच लागत नाही. जीनवरून पेशी आरएनएची एक प्रत काढते आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनतं. इथे नष्ट होते ती प्रत. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याची चिठ्ठी वाटेतच फाटली तर माल हलत नाही, पेढीतली वही मात्र शाबूत राहते, तसंच हे. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये ही यंत्रणा कृमींमध्ये दाखवली. 2006 चं नोबेल त्यासाठीच.

कंपवाताच्या अभ्यासासाठी माकडाच्या मेंदूत निरुपद्रवी केलेला विषाणू टोचून हे करतात. परिणाम टोचलेल्या भागातल्या पेशींपुरताच. बीजपेशींना धक्का नाही, मग पिल्लांत उतरणार कसा? क्रिस्परने जीन खरोखर कापतात, पण ते तंत्र वेगळं. मेसेजवाल्याने दोन्हींची खिचडी केलीय.

माकडंच का? पिंक-1 हा जीन बिघडला की माणसाला ऐन तरुणपणीही कंपवात होऊ शकतो. तोच काढलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या पेशी मात्र फारशा मरत नाहीत. उंदीर इथे कामाचा नाही. माकडांना त्रास होतो, हा आक्षेप रास्तच आहे. त्यावर जरूर भांडा.

याच तत्त्वावरचं पातिसिरान हे औषध अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं. ते काम करतं यकृतात, मेंदूत नव्हे.