पांढरा कुडा आणि काळा कुडा

जंतांवर आणि आव पडल्यावर कुडा द्यायचा, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कोणता कुडा, हे मात्र फार थोडे विचारतात. औषधाचा तो पांढरा कुडा. आयुर्वेदातला कुटज तोच आणि कुटजारिष्टही त्याच्याच सालीचं.

काळा कुडा त्याचा भाऊबंद. दोघेही कण्हेरीच्या कुळातले. पानं समोरासमोर, देठ मोडला की पांढरा चीक, शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. नावांवरून वाटतं की एकाची फुलं पांढरी आणि दुसऱ्याची काळी असतील, पण फुलं दोन्हींची पांढरीच! काळ्या कुड्याचं पान सुकलं की काळपट पडतं. त्याच्या पानांतून पूर्वी निळा रंग काढत. लाकूड मात्र हस्तिदंतासारखं गोरं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी परंपरेने त्याचीच.

माझा भरवसा शेंगांवर. पांढऱ्या कुड्याच्या दोन बारीक, लांब शेंगा देठापासून फाकतात त्या शेवटपर्यंत सुट्याच राहतात. काळ्याच्या जोडीची खालची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, मधे नुसती फट. शेंगा नसतील तर फूल तळहातावर घेऊन नीट बघा. काळ्याच्या फुलात मधोमध तंतूंची झालर दिसते, पांढऱ्याच्या फुलाचा गळा मोकळा असतो.

बियांना दोन्हीकडे इंद्रजवच म्हणतात, पण पांढऱ्याचे कडू इंद्रजव आणि काळ्याचे गोड. हा कडूपणाच महत्त्वाचा. पांढऱ्याच्या सालीत आणि बियांत कोनेसीन हे अल्कलॉइड असतं आणि आतड्यातल्या अमीबावर तेच काम करतं. युरोपच्या बाजारात एके काळी या सालीत काळ्याची साल मिसळली जाई. मग गुण येईना आणि नाव खराब झालं ते पांढऱ्या कुड्याचं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

काळा कुडा टाकाऊ नाही. तमिळनाडूच्या 'सिद्ध' या पारंपरिक वैद्यकात त्याच्या पानांचं तेल सोरायसिसवर लावतात. पण आवेवर तो पांढऱ्याच्या जागी चालत नाही.

आणि खरा कुडा मिळाला म्हणून मनाने काढे उकळत बसू नका. शुद्ध कोनेसीन औषध म्हणून दिलं तेव्हा काही रुग्णांची झोप उडाली, अस्वस्थपणा वाढला. शौचावाटे रक्त पडत असेल तर आधी तपासणी करून घ्या, आणि मात्रा वैद्यांना ठरवू द्या.