हरणामागे गुडघाभर कुत्रा

ऑस्लोजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाने मध्यंतरी एक फोटो पाठवला. त्याचा शेजारी बंदूक घेऊन हरणाच्या शिकारीला निघालेला आणि शेजारी त्याचा कुत्रा. लांबोडकं अंग, लोंबते कान, पाय इतके आखूड की पोट गवताला घासत होतं. घरच्या ग्रुपवर हशा पिकला. काकांनी लगेच लिहिलं, "हा हरीण धरणार? त्यापेक्षा आपला मुधोळ धाडा!"

काकांच्या डोळ्यासमोर दख्खनचा माळ होता. मुधोळ आणि कारवानी हे नजरेवर शिकार करणारे कुत्रे. उघड्या रानात ससा किंवा हरीण दिसायचा अवकाश, की लांब टांगा टाकत गाठायचं. खांद्यापाशी सुमारे 70 सेंटीमीटर उंची, खोल छाती, कमरेला मूठभर. (ही शिकार आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, आणि ते योग्यच झालं.)

नॉर्वेतलं हरीण म्हणजे रो डिअर. वजन 20 ते 30 किलो, म्हणजे आपल्या भेकराच्या आसपास. रान दाट, वीस-तीस पावलांपलीकडे काही दिसत नाही. इथे कुत्र्याने हरीण धरायचंच नसतं. त्याने जमिनीवरचा वास धरून, सतत भुंकत, हरणाच्या मागे चालत राहायचं. मागचा कुत्रा हळू असेल तर रो डिअर फार घाबरत नाही. थोडं पळतं, थांबतं, कान टवकारून भुंकणं किती लांब आहे ते ऐकतं, आणि ओळखीचा टापू सोडायला नको म्हणून वळसा घेऊन पुन्हा तिथेच येतं. शिकारी त्या वाटेवर गुपचूप उभा असतो. हाच कुत्रा लांब टांगांचा असेल, तर हरीण जीव घेऊन सरळ पळतं. मग नेम लागत नाही, किंवा अर्धवट लागतो आणि जनावर जखमी होऊन तडफडतं. म्हणून नॉर्वेचा नियमच असा, की खांद्यापाशी 41 सेंटीमीटरहून उंच कुत्रा रो डिअरमागे मोकळा सोडायचा नाही. नियमात उंची आहे, नाकाचा उल्लेख नाही. मला हे फार आवडलं.

स्वीडनमध्ये या कामाचा लाडका कुत्रा ड्रेव्हर. त्याला हे नाव 1947 मध्ये मिळालं, ते 'ड्रेव्ह' या शब्दावरून. ड्रेव्ह म्हणजे जवळजवळ आपला हाका, जनावर उठवून शिकाऱ्याकडे हाकणं. तेव्हा ड्रेव्हरला मराठीत हाकारा म्हणायला हरकत नाही. त्याच्या जोडीला डाशुंड, बीगल आणि फ्रान्सचे ठेंगणे बासे.

आता हे पाय आखूड झाले कसे? मी हा लेख खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतला.

शाळेत शिकलो ते आठवा: डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि आरएनए वाचून प्रथिन बनतं. जनुकात मध्ये मध्ये प्रथिन बनवायला न लागणारे तुकडे असतात, त्यांना इंट्रॉन म्हणतात. आरएनए तयार होताना ते छाटले जातात. माहितीचा हा प्रवास एका दिशेचा. पण सस्तन प्राण्यांच्या जनुकसंचात काही उपद्व्यापी तुकडे असतात. त्यांच्यापाशी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर असतं आणि ते आरएनएवरून उलट डीएनए लिहितं. एरवी ते स्वतःच्याच प्रती काढत बसतं, पण कधीतरी चुकून दुसऱ्याच जनुकाचा आरएनए त्याच्या हाती लागतो. मग इंट्रॉन छाटलेली, आटोपशीर अशी एक जादा प्रत भलत्याच जागी चिकटते. बहुतेक वेळा ती मेल्यातच जमा, कारण जनुक चालू करणारं बटण प्रतीबरोबर येत नाही.

एका जुन्या कुत्र्यात मात्र एफजीएफ4 या वाढीच्या जनुकाची अशी प्रत अठराव्या गुणसूत्रावर योग्य (की अयोग्य?) जागी पडली आणि चालू राहिली. लांब हाडांच्या टोकांना कूर्चेची एक पट्टी असते. हाड लांब होतं ते तिथल्या पेशी वाढतात म्हणून. त्याच पेशींवर एफजीएफआर3 हा ग्राही असतो आणि तो ब्रेकचं काम करतो. जादा प्रतीमुळे नको तिथे एफजीएफ4 प्रथिन बनतं आणि हा ब्रेक अवेळी दाबला जात असावा, असं संशोधकांचं म्हणणं. माणसात अकाँड्रोप्लेझिया या ठेंगणेपणात याच एफजीएफआर3 मध्ये बदल असतो, हे 1994 मध्ये कळलं होतं. कुत्र्यांचा शोध 2009 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. तपासलेल्या 19 आखूड पायांच्या जातींत ही प्रत सापडली आणि तिच्या आजूबाजूचा डीएनएही जुळला. म्हणजे हा अपघात एकदाच घडला. पुढच्या जाती त्या एकाच चुकीच्या वारसदार.

गंमत अशी, की पाय आखूड करायला एक जनुक पुरतं, पण माग न सोडण्याची चिकाटी आणि दूरवर पोचणारा आवाज अशा एका बटणाने येत नाहीत. 2022 मध्ये 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून असं दिसलं, की कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे असतो. 'शंभर टक्के शिकारी रक्त' म्हणून चढ्या भावात पिल्लं विकणाऱ्यांनी हा आकडा पाटीवर लिहावा.

रक्ताचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडच्या वीसनख्या कुत्र्याचंही सांगून टाकतो. त्याला भूत दिसतं, तो वाघासारखा असतो, असं लोक म्हणतात. साधारण कुत्र्याला अठरा नखं असतात, पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. मागेही अंगठा फुटला की वीस. त्याचं कारण गर्भात बोटं घडवणाऱ्या जनुकाच्या नियंत्रणातला छोटासा बदल. त्याने कुत्र्याला भूत दिसत नाही आणि त्याचा वाघही होत नाही. नॉर्वेच्या लुंडेहुंडला तर प्रत्येक पायाला सहा बोटं असतात. तो कड्यांवरचे पफिन पक्षी धरायचा.

असो. एफजीएफ4 ची दुसरी एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर आहे. ती 2017 मध्ये सापडली, आणि ही मात्र महाग पडते. मणक्यांमधल्या चकत्या लवचीक राहायच्या, त्याऐवजी लहान वयातच त्यांत कॅल्शियम साठतं. मग एखाद्या उडीत चकती सरकते आणि मागचे पाय लुळे पडतात. डाशुंडमध्ये बहुधा दोन्ही प्रती असतात, बीगलमध्येही बारावरची आढळते. म्हणून नॉर्डिक देशांत पैदाशीआधी डाशुंडच्या पाठीचा एक्स-रे काढून अशा चकत्या मोजतात. मावसभावाच्या शेजाऱ्याला दुसरं पिल्लू घ्यायचं आहे म्हणे. त्याने आधी आईबापांना भुंकत माग काढताना ऐकावं, मग एक्स-रे मागावा.

काकांना हे सगळं ग्रुपवर लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "ते ठीक. पण मुधोळशी शर्यत लावली तर?"