धरणामागे अडकलेला स्टीलहेड

लेक बाळंतपणाला माहेरी येते, तसा सॅमन मासा अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो. पिल्लू असतानाच त्या पाण्याचा वास त्याच्यात ठसलेला असतो. समुद्रात मोठा झाला की त्या वासाच्या मागावर तो प्रवाहाविरुद्ध चढत जातो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीत मात्र १९१३ साली ही वाट बंद झाली. समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर धरण उभं राहिलं. माशांना वर जायला वाट ठेवावी, असा कायदा तेव्हाही होता. तो धाब्यावर बसवला गेला. १९२७ मध्ये वरच्या अंगाला ६४ मीटर उंचीचं दुसरं धरण झालं.

माशांबरोबर गोटेही अडले, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. मादी कुशीवर वळून शेपटीचे फटकारे मारते, बारीक गोट्यांत खळगा करते, अंडी घालते आणि ती पुन्हा गोट्यांनी झाकते. त्यांच्या फटींतून पाणी खेळतं, म्हणून अंड्यांना प्राणवायू मिळतो. धरणाखाली नवे गोटे येईनात; उरले मोठाले धोंडे. त्यांत मादीने खळगा करायचा कसा?

नदीमुखाशी राहणाऱ्या लोअर एल्वा क्लॅलम जमातीने धरणं हटवावीत म्हणून चिकाटीने पाठपुरावा केला. १९९२ साली त्यासाठी कायदा झाला, पण प्रत्यक्ष धरण फोडायला २०११ उजाडलं. २०१४ पर्यंत दोन्ही धरणं गेली. साठलेला गाळ सुटला, पाणी गढूळ झालं, मुखाशी वाळूची नवी पुळण तयार झाली.

मला सर्वांत हलवून गेला तो स्टीलहेड, सॅमनच्याच कुळातला मासा. रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही एकच जात: नदीतच राहिला तो ट्राउट, समुद्राची वारी करून आला तो स्टीलहेड. उन्हाळ्यात नदीत शिरून पुढच्या वसंतापर्यंत थांबणारे स्टीलहेड एल्वातून जवळजवळ संपलेच होते. धरणं गेल्यावर ते वरच्या पात्रात पुन्हा दिसू लागले. जनुकं तपासली, तेव्हा धरणामागे पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेल्या ट्राउटशी त्यांचं नातं निघालं. समुद्र कधीच न पाहिलेल्या त्या माशांनी समुद्राकडे जाण्याचा वारसा शंभर वर्षं रक्तात जपला होता!

सगळं सावरलेलं नाही. परतणाऱ्या चिनूक सॅमनमध्ये अजून संवर्धन केंद्रात वाढवलेलेच पुष्कळ असतात. पण २०११ पासून बंद असलेली मासेमारी २०२३ च्या ऑक्टोबरात जमातीपुरती थोडी खुली झाली, आणि एल्वाचा कोहो सॅमन पुन्हा क्लॅलम लोकांच्या हाती आला.