‘पानी’ आणि ‘रत’

युरोपात राहणाऱ्या रोमा लोकांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात आणि रक्ताला ‘रत’. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, म्हणून हे शब्द आपल्या कानाला ओळखीचे लागतात. आज पूर्व स्लोव्हाकियात त्यांच्या अनेक वस्त्यांमध्ये घरात नळ नाही. तिथे हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा आणि कधीकधी काविळीच्या रूपात दिसणारा विषाणूचा आजार, जास्त आहे म्हटलं की ऐकणारा लगेच म्हणतो, ‘पाणी घाण असणार!’ आपल्याकडेही कावीळ म्हटली की आधी उघड्यावरचा उसाचा रस आठवतो. पण पाण्यातून येते ती हिपॅटायटिस ए आणि ई. बी पसरते रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला.

२०११ साली तिथे तपासणी झाली. वस्त्यांतल्या दर शंभर रोमा प्रौढांमागे सुमारे १२ जणांच्या रक्तात विषाणू सापडला. बिगर-रोमांत तेच प्रमाण ३च्या आसपास होतं. गोंदवून घेतलेल्या रोमांमध्ये लागण जास्त दिसली. घरगुती गोंदणात सुई एक, शाईची वाटी एक, हात अनेक. विषाणूचा भार जास्त असलेल्या माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात शंभर कोटी विषाणू असू शकतात. त्याचा लाखावा भाग, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा ठिपका, घेतला तरी त्यात दहा हजार! आणि वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस लागण करू शकतो. वस्तरा, दात घासायचा ब्रश या वस्तू म्हणूनच वाटून वापरायच्या नाहीत. एका ताटात जेवल्याने मात्र काही होत नाही.

पण मला खरा विलक्षण वाटतो तो वयाचा खेळ. प्रौढपणी लागण झालेल्या शंभरातले पंचाण्णव जण विषाणू हटवतात. लागण झालेल्या शंभर नवजात बाळांपैकी मात्र नव्वद जण तो आयुष्यभर बाळगतात. विषाणूचा डीएनए जेमतेम ३२०० अक्षरांचा, अर्धवट राहिलेलं वर्तुळ. यकृताच्या पेशीत शिरला की पेशीचीच दुरुस्ती करणारी विकरं ते वर्तुळ पूर्ण करतात. मग ही बंद कडी पेशीकेंद्रात ठाण मांडते आणि तिच्यावरून नव्या विषाणूंच्या प्रती निघत राहतात. विषाणू स्वतः पेशी मारत नाही. मारते ती आपली प्रतिकारशक्ती. प्रौढाची प्रतिकारशक्ती तुटून पडते, बाळाची त्याला घरचाच समजून सोडून देते. आज चाळिशीत विषाणू बाळगणाऱ्या अनेकांना तो बहुधा दाटीवाटीच्या घरात, लहानपणीच मिळालेला असतो. ‘रोग त्यांच्या रक्तातच आहे’ हे वांशिक बोलणं म्हणूनच निखालस खोटं आहे.

अशा बहुतेकांना कावीळ दिसतच नाही. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणारे मांत्रिक तेव्हा काय उतरवणार? स्लोव्हाकियात १९९८पासून सगळ्या तान्ह्या बाळांना लस मिळते. त्याआधी जन्मलेल्यांची रक्ततपासणी आणि ज्यांच्यात विषाणू सापडेल त्यांच्या जोडीदारासह घरातल्या, लस न घेतलेल्या प्रत्येकाला लशीचे तीन डोस, एवढं वस्तीत नेऊन पोचवायचं आहे.