कन्हानची रेती आणि सरकणारा काठ

नागपुरात घर बांधणाऱ्याला 'कन्हानची रेती' म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. तीच रेती ट्रकमध्ये पडण्याआधी कन्हान नदीत काय उद्योग करते, हे मात्र फारसं कोणी बघत नाही. पावसाळा संपला की नागपूरजवळच्या कामठीच्या पुलावरून खाली नजर टाका. पात्र भलतं रुंद, पाणी मात्र दोन-तीन धारांत वाटलेलं. मधे रेतीची बेटं, त्यांना वळसा घालून धारा पुन्हा एकत्र. हा प्रकार पात्रभर आणि मैलोनमैल चालत असेल, तर त्या नदीला गुंफित नदी म्हणतात. ब्रह्मपुत्रा हा त्याचा भव्य नमुना. कन्हान काही त्या पंक्तीतली नव्हे, पण तिच्या रेताड पात्रात तोच खेळ लहान प्रमाणात दिसतो.

बेट तयार होतं ते पुरात. सातपुड्यातून उतरणारं पाणी रेती-गोटे तळावरून लोटत आणतं. ओझं ताकदीबाहेर गेलं, की सगळ्यात जड गोटे आधी बसतात, बहुतेकदा पात्राच्या मधोमध. त्यांच्या आडोशाला बारीक रेती अडकते आणि तळाला उंचवटा येतो. ल्युना लिओपोल्ड आणि एम. गॉर्डन वोल्मन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पाटात वाळूमिश्रित पाणी सोडून हे घडताना पाहिलं आणि 1957 मध्ये मांडलं.

गंमत पुढेच आहे. मधे उंचवटा आला की पाणी दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि थेट काठांवर जाऊन आदळतं. काठ झिजतो, पात्र रुंदावतं, पाणी पसरून उथळ होतं, त्याची ओढून नेण्याची ताकद घटते आणि आणखी रेती बसते. शेतकऱ्याला वाटतं नदीनं बांध खाल्ला. खरं तर बांधावर पाणी घातलं ते मधल्या बेटानं.

काठ कोसळतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. वर चिकट, मातकट थर, खाली सुटी रेती. पाणी खालची रेती पोखरतं आणि वरचा थर छज्ज्यासारखा अधांतरी राहतो. काठाच्या कडेला समांतर भेग दिसली, की तो तुकडा जाणार म्हणून समजा. पुष्कळदा तो पूर चढताना पडत नाही, उतरताना पडतो. चढलेल्या पाण्याचा काठाला टेका असतो; पाणी झपाट्यानं उतरलं की टेका जातो आणि भिजून जड झालेली माती ढासळते. त्यामुळे पूर ओसरला म्हणून लगेच काठावर जाऊन उभं राहणं शहाणपणाचं नाही.

बेटंही जागची हलत असतात. वरच्या टोकाची रेती निघते, खालच्या टोकाला जमते. एखादी धार भरून आली की पाणी दुसरी शोधतं. बिहारची कोसी हे याचं टोकाचं उदाहरण: गाळानं तिचं पात्र उंचावलं होतं, 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमध्ये कुसहा इथे तटबंध फुटला आणि नदी शंभरेक किलोमीटर पूर्वेकडच्या जुन्या वाटेनं धावली.

या सगळ्याला लगाम घालतात ती मुळं. मिनेसोटा विद्यापीठात मिशल टाल आणि ख्रिस पाओला यांनी प्रयोगशाळेत गुंफित नदी तयार केली आणि पाणी कमी असताना तिच्यावर अल्फाल्फाचं बी, म्हणजे आपल्या लसूणघासाचं, पेरलं. अधूनमधून 'पूर' सोडत गेले. रोपांनी बेटं आणि काठ धरून ठेवले आणि अनेक धारांची नदी हळूहळू एका धारेवर आली. आपल्याकडे वरच्या अंगाला धरण झालं, की छोटे-मोठे पूर तिथंच अडतात, रेतीही अडते. बेटं धुऊन निघत नाहीत. त्यांच्यावर आधी गवत, मग बेशरमाची झुडपं माजतात आणि सरकती बेटं एका जागी ठाण मांडतात.

कामठीच्या परिसरात अशाच रेताड नद्यांचा जुना दप्तरखानाही आहे. त्या नद्यांच्या रेतीपासून बनलेल्या इथल्या दगडाला, म्हणजे वालुकाश्माला, भूशास्त्रात 'कामठी' हेच नाव आहे. वय सुमारे 25 कोटी वर्षं. जवळच्या सिलेवाड्यातून मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला.

या कामठी वालुकाश्माच्या उभ्या कापात आडव्या थरांच्या आत तिरपे थर दिसतात. प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे सरकत्या उंचवट्याची एके काळची उतरती बाजू. उतार ज्या दिशेला, त्या दिशेला तेव्हाचं पाणी वाहत होतं. वरचं टोक सपाट कापलेलं असेल, तर पुढच्या प्रवाहानं ते तासून नेलेलं असतं. वाहत्या पाण्यानं बारीक गाळ पुढे नेला आणि भरड रेती मागे ठेवली, म्हणून दगडात कणाकणांमध्ये जागा राहिली. विहीर किंवा बोअर खोदणाऱ्यांच्या ती कामी येते: कामठी वालुकाश्मात पाणी चांगलं साठतं, तर काळ्या पाषाणात भेगा सापडतील तेवढंच.