जुन्या लॉन ट्रॅक्टरचे अडकलेले मागचे चाक कसे काढावे
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मंगल कार्यालयांची लॉन, फार्म हाऊस, शाळा-कॉलेजांची मैदाने अशा ठिकाणचे जुने लॉन ट्रॅक्टर (बसून चालवायची गवत कापायची यंत्रे) आमच्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा पुष्कळदा मूळ बिघाड पंक्चरचा असतो आणि मोठा बिघाड चाक काढताना झालेला असतो. चाक घणाने ठोकून निघते, पण गिअरबॉक्स फुटतो. चाक स्वस्त आहे, गिअरबॉक्स नाही. म्हणून घाई न करता पुढील क्रमाने जा.

चाक अडकते कशामुळे

बहुतेक लहान लॉन ट्रॅक्टरांत मागचे चाक नटबोल्टने बसवलेले नसते. पाऊण इंची (१९ मिमी) शाफ्टवर हब, म्हणजे चाकाचा मधला पोकळ भाग, नुसता सरकवलेला असतो. चाक फिरवायचे काम चौकोनी चावी करते, म्हणजे शाफ्ट आणि हब यांच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा. पाऊण इंची शाफ्टला ती बहुधा ३/१६ इंची असते. बाहेरच्या टोकाला वॉशर आणि ई-क्लिप (चाक निसटू न देणारी, E आकाराची क्लिप). शाफ्ट आणि हब यांच्यात केसाएवढीच फट असते. त्यात पाणी शिरले की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे फट घट्ट भरून जाते. आपल्याकडची काळी माती त्यात भर घालते. पावसाळ्यात ती हबच्या मागे लिंपून बसते आणि वरून कोरडी दिसली तरी आत ओल धरून ठेवते.

तुमच्या चाकाला चार किंवा पाच बोल्ट दिसत असतील तर रचना वेगळी आहे. तिथे रिम फक्त हबच्या तोंडाला चिकटलेली असते. बोल्ट दोन-दोन आटे सैल करा, टायरला आतून लाकडी हातोडा मारा, सुटते.

आधी क्लिप पाहा

चाक अडकलेच नाही, क्लिपच काढायची राहिली आहे, असे बरेचदा निघते. प्लास्टिकची टोपी काढा, खालचा चिखल तारेच्या ब्रशने साफ करा. ई-क्लिप मातीखाली पूर्ण झाकलेली असू शकते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती काढताना वर फडके धरा, नाहीतर ती उडून डोळ्याला लागते. वॉशर किती होते आणि कोणत्या क्रमाने होते, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ट्रॅक्टर सपाट फरशीवर घ्या, किल्ली काढा, बॅटरीची मायनस वायर सोडा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. जॅकने उचलल्यावर खाली लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळा द्याच. विटांवर टेकवू नका, वीट भाराने अचानक फुटते.

तेल: निम्म्याहून जास्त काम इथेच होते

गंज सोडवणारे तेल वापरा. साधे इंजिन ऑइल जाड असते, बारीक फटीत उतरत नाही. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळूनही चांगले काम होते, पण ते मिश्रण पेट घेते आणि रंग उतरवते, तेव्हा मोकळ्या हवेत वापरा आणि त्या दिवशी ज्योत जवळ आणू नका.

तेल नुसते बाहेरून फवारून उपयोग नाही. चावीची खाच हबच्या आरपार जाते, म्हणजे आत शिरायला तयार नाली आहे. चाक फिरवून खाच वरच्या बाजूला आणा, चाकाची बाजू जॅकने थोडी उंच ठेवा, म्हणजे तेल आत वाहील. खाचेत थेंब थेंब सोडा. दुसऱ्या दिवशी हबच्या मागून, गिअरबॉक्सच्या बाजूने तेल द्या. सकाळ-संध्याकाळ असे दोन दिवस करा. प्रत्येक वेळी हबच्या अंगावर हलक्या हातोडीने गोल फिरत वीस-पंचवीस टिचक्या मारा. त्या कंपनाने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्यातून उतरते. चावी टोकाशी मोकळी दिसत असेल तर चिमट्याने ओढून पाहा. ती आधी निघाली तर पुढचे काम बरेच सोपे होते.

मग जोर

टायरच्या आतल्या बाजूने, हबच्या शक्य तितक्या जवळ लाकडी ठोकळा धरून बाहेरच्या दिशेने ठोका. प्रत्येक ठोक्यानंतर चाक पाव फेरा फिरवा. एकाच जागी ठोकले तर हब तिरका होऊन आणखी आवळतो.

शाफ्टच्या टोकावर हातोडा कधीच मारू नका. टोक पसरून भोकापेक्षा मोठे होते आणि तो धक्का थेट आतल्या डिफरन्शियलला आणि ॲल्युमिनियमच्या केसिंगला बसतो. गिअरबॉक्सवर पहार टेकवून चाक उचकटणेही तितकेच वाईट. पुलर (पायांनी पकडून मधल्या स्क्रूने चाक ओढणारे हत्यार) वापरत असाल तर त्याचे पाय रिमच्या कडेला अडकवू नका, पत्रा वाकतो. ते हबच्या मागेच बसले पाहिजेत.

पुलरला जागा नसेल तर हबच्या मागे उघड्या शाफ्टवर दोन तुकड्यांचा क्लॅम्प घट्ट आवळा. क्लॅम्प आणि हब यांच्यामध्ये समोरासमोर दोन बोल्ट नटसह उभे करा आणि नट आळीपाळीने पाव-पाव फेरा फिरवत बोल्ट लांबवा. हा जोर शाफ्ट आणि हब यांच्यातच राहतो, गिअरबॉक्सवर येत नाही. अशा चिवट चाकांसाठी आमचा भरवसा याच पद्धतीवर आहे. क्लॅम्प आणि लांब बोल्ट नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत मिळतात.

गॅस टॉर्च शेवटी

टायर रिमवर असताना रिम तापवली तर टायर फुटून जीव जाऊ शकतो. फक्त हवा सोडणे पुरेसे नाही. व्हॉल्व्हची पिन काढा आणि शक्य असेल तर टायर रिमवरून उतरवाच. तेल पुसून घ्या, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा, शाफ्टच्या ऑइल सीलवर ओले फडके गुंडाळा. ज्योत फक्त हबवर, फिरवत, दोन-तीन मिनिटे. लाल होऊ देऊ नका. दीडशे अंश तापमान वाढले तर १९ मिमीचे भोक जेमतेम ०.०३ मिमी मोठे होते, पण गंजाची पकड सुटायला तेवढे खूप आहे. शाफ्टही तापला तर तो फायदा जातो, म्हणून वेळ लावू नका. ज्योत बंद करून हबच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण फटीत ओढले जाते. मग लगेच ठोका.

पुढच्या चाकाला चावी नसते, बुश असतो. तिथे वाळलेले ग्रीस अडवते. निपलमधून ताजे ग्रीस भरा, ते बाहेर येऊ लागले की चाक सुटते.

परत बसवताना

शाफ्ट १२० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा, हबचे भोक आतून घासा. चावी नवी टाका. जुनी चावी कडेने दबलेली असते, तिच्यामुळे चाक मागे-पुढे खडखडते आणि हबची खाच रुंद होते. खाच आधीच रुंद झाली असेल तर नवी चावी टिकणार नाही, हब बदलावा लागेल. शाफ्टवर कॉपर अँटी-सीझचा (भाग गंजून अडकू न देणारी तांबेयुक्त पेस्ट) पातळ थर द्या. साधे ग्रीस पाण्याच्या पाइपने धुता धुता निघून जाते.

वर्षातून एकदा, मृग लागायच्या आधी, दोन्ही मागची चाके काढून पुन्हा हा थर द्या. पावसाळ्यात कापणी झाली की हबच्या मागची काळी माती ओली असतानाच काढा.

दोन दिवस तेल आणि क्लॅम्प वापरूनही चाक हलले नाही, किंवा शाफ्टजवळून तेल गळताना दिसले, तर तिथेच थांबा आणि ट्रॅक्टर आमच्याकडे आणा. येताना क्लिप, वॉशर आणि चावी एका पिशवीत सोबत आणा.